पाटोद्याच्या बाजारातली मुशी

पाटोद्यापासून समुद्र किती लांब आहे, हे पाटोद्यात कोणालाच नीट सांगता आले नसते. पश्चिमेला जामखेड, त्याच्या पलीकडे नगर, आणि नगरातून आगगाडी जिकडे जाते तिकडे कुठेतरी तो आहे, इतपतच माहिती. समुद्रातला मासा मात्र दर बाजारी यायचा. बोंबील, सुकट, खारवलेला बांगडा. आणि थंडी सरताना कधीतरी, मुशी.

मुशी म्हणजे समुद्रातला मोठा, शिकार करून खाणारा मासा. कोकणात तो धरतात, चिरतात, मीठ चोळून वाळवतात. हद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडून निजामाच्या मोगलाईत येईपर्यंत त्याला डोके उरलेले नसते, पंख मुंबईलाच उतरवून घेतलेले असतात. राहतो तो जोड्याच्या तळासारखा कडक, करडा, खारट तुकडा. बाळंतिणीला दूध कमी पडले की मुशीचे कालवण द्यायचे, हा रिवाज या डोंगराळ मुलखात माशाबरोबरच चालत आला असावा. त्याने खरेच दूध वाढते का, हे कोणी तपासले नव्हते. घरात रडणारे मूल असले की तपासायला सवड नसते.

अडचण एकच होती. मुशी म्हणून जे विकले जाई ते सगळे मुशी नसे.

ती ओळखणारी एकच बाई त्या बाजारात होती. भामाबाई. पाटोद्याच्या दक्षिणेला, मांजरा नदीच्या वरच्या अंगाला धनगरांची एक वाडी होती, तिथली. ती मासे विकत नव्हती, फारसे खातही नव्हती. बाजारात सुकटवाल्यांच्या रांगेच्या कडेला चातीवर लोकर कातत बसायची. बायका तुकडा आणून तिच्यापुढे धरायच्या. ती चाती मांडीवर ठेवून तुकडा हातात घ्यायची, त्यावर एकदा इकडून आणि एकदा तिकडून तळवा फिरवायची आणि सांगायची, ही हाय, नाहीतर ही न्हाई. जादा बोलायची नाही. बदल्यात कोणी मूठभर सुकट पदरात टाकली तर घ्यायची, नाही टाकली तर मागायची नाही.

हे तिला कुठून आले, याचे उत्तर सोपे आहे. तिचे माहेर माणदेशातले. त्या बाजूचे धनगर दिवाळी झाली की मेंढरे घेऊन घाट उतरत आणि कोकणात जात. भातकापणी झालेल्या खाचरांत रात्रीची मेंढरे बसवायची, त्यांच्या लेंडीमुताने जमीन कसदार होते, शेतकरी त्याबद्दल भात देतो, असा तो व्यवहार होता. भामाबाईच्या बापाचा तळ अलिबागेकडे, खाडीच्या तोंडाशी पडत असे. लहानपणी कित्येक हिवाळे तिने तिथे काढले. आई कोळीवाड्यात लोकर आणि तूप देऊन सुके मासे आणायला जाई, तेव्हा ही बरोबर असे.

किनाऱ्यावर होड्या लागत आणि कोळणी मासळी वेगळी करीत. भामाबाई जवळ बसून पाहत असे. धनगराची पोर मेंढरे तोंडावरून आणि कानावरून ओळखते, शेकड्यातले आपले कोणते हे तिला सांगावे लागत नाही. त्याच नजरेने ती मासे पाहू लागली. गुडघ्याएवढी ती मोरी. पुरुषभर लांबीची ती मुशी. एकीच्या पंखांची टोके शाईत बुडवल्यासारखी काळी, एकीच्या अंगावर वाघासारखे पट्टे. एकीचे डोके पेरणीच्या पाभरीच्या लाकडी दिंडासारखे आडवे, आणि त्याच्या दोन टोकांना दोन डोळे, ती कानमुशी. मुशीला श्वासाच्या पाच चिरा मानेच्या बाजूंना असतात. पाकटाला त्या पोटाखाली असतात. पाकट म्हणजे चपटा, रुंद, सुपाएवढा मासा, चाबकासारखी शेपटी आणि शेपटीत विषारी काटा. आणखी एक जात अशी की पुढून पाकट, मागून मुशी. तिच्याबद्दल तिथली एक म्हातारी कोळीण म्हणायची, ही बया सासरची नाही नि माहेरचीही नाही, हिला बाजारात न्यायची आणि गिऱ्हाईक म्हणेल ते नाव द्यायचे.

त्या म्हातारीनेच तिला कातडीची खूण दाखवली. मुशीच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात नेला तर रेशीम. शेपटीकडून डोक्याकडे नेला तर कानस, तळहात सोलून निघेल. एका बाजूने मऊ आणि दुसऱ्या बाजूने खरखरीत, ही मुशी. पाकट गुळगुळीत असेल तर दोन्हीकडून गुळगुळीत, आणि पाठीवर खडे असतील तर दोन्हीकडून खडबडीत.

लग्न होऊन भामाबाई बालाघाटाच्या डोंगरात आली तेव्हा डोके, पंख, चिरा, पट्टे हे सगळे ज्ञान निरुपयोगी ठरले. इथवर पोचणाऱ्या माशाला त्यातले काही नसे. कातडी तेवढी होती. सासरी सुरुवातीला तिने समुद्राच्या गोष्टी सांगितल्या. आडव्या डोक्याच्या माशाची गोष्ट ऐकून सासरा इतका हसला की तिने पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे एका बाजारात कोणा बाईला पाकट मुशी म्हणून दिले जाताना तिने पाहिले आणि न राहवून बोलली. भांडण झाले. सुकटवाल्याने तिला वेड्यात काढले. पण त्याच बाजारी दुसऱ्या बाईने आपला तुकडा तिच्यापुढे धरला, आणि मग ते चालूच राहिले.

बाळंतिणीला पाकट देऊ नये, असा तिच्या माहेरचा समज होता. ज्या माशाच्या शेपटीत काटा, त्याने छातीत दूध गोठते. कोळीवाड्यात असे कोणी मानत नसे, हेही तिला ठाऊक होते. तरी सांगताना ती माहेरचेच सांगायची.

फसली तेराशे अठ्ठावीस, इंग्रजी १९१८, म्हणजे मानमोडीचे साल. पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. आश्विनात तापाची साथ आली, माणसे दोनतीन दिवसांत मान टाकू लागली. भामाबाईचा एकुलता मुलगा सिदू त्यात गेला. त्याची बायको सारजा तेव्हा गरोदर होती. चारा नव्हता, म्हणून निम्मी मेंढरे मिळेल त्या भावाने गेली आणि उरलेल्यांतली बरीच माघापर्यंत मेली. माघातच सारजा बाळंत झाली. मुलगी झाली. सिदूच्या मागे राहिलेली तेवढीच.

सारजाला दूध नव्हते म्हटले तरी चालेल. ती स्वतः तापातून उठलेली, अंगावर मांस नव्हते. घरात एक शेळी दुधाची होती, तीही धड दूध देत नव्हती. ते दूध पाणी घालून, कापसाच्या बोळ्याने मुलीच्या तोंडात सोडायचे. मुलगी ते घ्यायची आणि थोड्या वेळाने टाकून द्यायची. एरवी अशा वेळी वाडीतली दुसरी लेकुरवाळी मूल पाजते. त्या साली अंगावर पाजणारी बाई वाडीत उरलेली नव्हती. मूल रडायचे, मग दमून गप्प व्हायचे. भामाबाईला त्याच्या रडण्यापेक्षा त्या गप्प होण्याची धास्ती वाटू लागली.

या थंडीत मुशी अजून बाजारात आली नव्हती. आगगाडीने माल कमी येतो आहे, नगरातच माल नाही, असे म्हाळू सांगायचा. म्हाळू हा जामखेडच्या बाजूचा सुकटवाला. तट्टावर गोण्या लादून पाटोद्याला यायचा. त्याने निरोप धाडला की पुढल्या बाजारी मुशी आणतो, थोडी आहे, लवकर या.

त्या बाजाराच्या आधी भामाबाईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काढला, पण टोक आत राहिले. पाय सुजला, जमिनीला लावता येईना. बाजारी आश्रुबाला पाठवायचे ठरले. आश्रुबा म्हणजे तिचा नवरा. मेंढरांमागे जन्म गेलेला, कमी बोलणारा माणूस. सिदू गेल्यापासून तो आणखी कमी बोलू लागला होता.

निघताना तिने त्याला सांगितले, हात फिरवून बघा, हाताला लागली पाहिजे. याहून जास्त सांगायचे तिला सुचले नाही. तिच्या दृष्टीने त्यात जास्त काही नव्हतेच. इतकी वर्षे ती हात दोन्हीकडून फिरवत आली होती आणि ते वेगळे सांगायची गोष्ट आहे, असे तिला वाटले नाही.

बाजारात म्हाळूसमोर गोणपाटावर तुकडे मांडलेले होते. आश्रुबा उकिडवा बसला आणि एकेक तुकडा मांडीवर घेऊन बघू लागला.

म्हाळूने विचारले, “आज तू कसा? कारभारीण कुठं हाय?”

आश्रुबाने काट्याचे सांगितले आणि पुन्हा तुकड्यावरून हात फिरवू लागला.

“मासा हाय बे त्यो,” म्हाळू म्हणाला. “असा कुरवाळून लोकर निघणार हाय का त्याची?”

शेजारचे दोघेतिघे हसले. एकाने, माशाला आधी चारा दाखव, म्हणून आणखी एक टोमणा मारला. आश्रुबाने मान वर केली नाही. त्याच्या हातात त्या वेळी खरी मुशी होती. लांब, करडी, चांगली वाळलेली. तिच्यावर हात ठेवताच त्याच्या बोटांना अंगाचा कल कळला. मेंढपाळाच्या हाताला तो आपोआप कळतो, आणि हात आपोआप कलाच्या दिशेने वळतो. लोकरीवर उलटा हात फिरवला की मेंढरू बुजते. आश्रुबाच्या घरात तर जिवंत जनावरावर उलटा हात फिरवणे अशुभ मानत. मेलेले मेंढरू सोलायच्या आधी त्याची लोकर पाहायची, तेव्हाच हात उलटा जाई. आश्रुबाने मुशीवरून कलाने हात नेला. पुन्हा नेला. रेशमासारखी होती. त्याने ती खाली ठेवली.

मग त्याने एक रुंद, जाड तुकडा उचलला. त्याच्या पाठीवर बारीक खडे होते, कसाही हात नेला तरी ते लागायचे.

“ही लागती हाताला,” तो म्हणाला.

“लागती तर घे की,” म्हाळू म्हणाला.

ते पाकट होते. म्हाळूला ते माहीत होते. पुढे यावरून बोलणे झाले तेव्हा त्याने सरळ सांगितले, “म्या कुठं गळ्यात घातलं त्येच्या? त्यानं निवडलं, म्या दिलं.” यात खोटे काही नव्हते.

आश्रुबा दुपार कलताना घरी आला आणि तुकडा भामाबाईपुढे ठेवला. तिने तो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

“हे पाकट हाय,” ती म्हणाली.

आश्रुबा म्हणाला, “हाताला लागतंय की.”

“दोन्हीकडून लागतंय. तुमी हात कसा फिरवला?”

त्याने शेजारी पडलेल्या घोंगडीवरून हात फिरवून दाखवला. वरून खाली, सावकाश, जसा तो मेंढरावरून फिरवायचा.

“अन् उलटा?”

“उलटा कावून फिरवू? मेलेल्या जनावराला फिरवत्यात उलटा.”

“मासा मेलेलाच हाय की, अवो.”

आत मुलगी कण्हल्यासारखी रडत होती. सारजाने दारात येऊन पाहिले, दोघांचे चेहरे पाहिले आणि न विचारता मागे फिरली.

काही वेळाने भामाबाईने विचारले, गुळगुळीत म्हणून ठेवलेली होती का एखादी? होती, आश्रुबा म्हणाला. लांब, करडी, एकच. ती कोणी घेतली? त्याने आठवून सांगितले, की तो उठत होता तेवढ्यात विठ्ठलराव पाटलांचा गडी आला होता आणि म्हाळूने उरलेले सगळे तुकडे एकदम त्याच्या पोत्यात टाकले होते. पाटलाची लेक सावित्री बाळंतपणाला माहेरी आलेली आहे, असे गडी सांगत होता.

विठ्ठलराव पाटलांचे गाव वाडीपासून जवळ, ओढा ओलांडला की लागायचे. धड पायाने जवळ. भामाबाईने सुजलेल्या पायाला फडके गुंडाळले, आश्रुबाची काठी घेतली. आश्रुबा म्हणाला, मी जातो. ती म्हणाली, तुम्ही जाऊन काय ओळखणार? हे तिने रागाने म्हटले नाही. खरेच विचारल्यासारखे म्हटले. आश्रुबा ओढ्यापर्यंत तिच्यामागून आला, तिला पाण्यातून पलीकडे नेले आणि तिथेच दगडावर बसून राहिला.

पाटलांच्या घरी मासा शिजत नसे. विठ्ठलराव माळकरी होते. पण लेक बाळंतपणाला आलेली, आणि तिलाही दूध बेताचेच. तेव्हा त्यांची बायको केसरबाई हिने परसात तीन दगड मांडून, वेगळे मडके आणून सोय केली होती. परसात काय शिजते आहे हे विचारायचे नाही आणि वाऱ्याची दिशा बदलली तर ओट्यावरून उठून देवळात जायचे, एवढे पथ्य पाटलांनी स्वतःला घालून घेतले होते.

भामाबाई मागच्या दाराने आली. केसरबाईला ती बाजारातून माहीत होती. पायाकडे पाहून तिने बसायला पोते दिले आणि म्हणाली, बरे झाले आलीस, मी निरोपच धाडणार होते. तिने सगळे तुकडे आणून भामाबाईपुढे मांडले. गड्याने जे मिळाले ते आणले होते, आणि त्यातले काय शिजवायचे हे तिला कळत नव्हते.

“बघून दे बाई,” केसरबाई म्हणाली. “माझ्या पोरीच्या पोटात भलतंसलतं नको जाया. पाकट निघंल ते तूच ने जाताना. मला परसात घाण नको.”

भामाबाईने एकेक तुकडा घेतला. पहिला पाकट. दुसरा पाकट. तिसऱ्याचे कातडे मुशीसारखे लागत होते, पण मांसाच्या कडेला चपटेपणा होता, ते पुढून पाकट आणि मागून मुशी अशा जातीचे निघाले. तिने तेही बाजूला ठेवले. चौथा नुसता कुजका होता. मग तिने लांब, करडा तुकडा उचलला.

इकडून हात नेला. तिकडून नेला. तळव्याला कानस लागली. भेगा पडलेल्या, लोकर कातून घट्टे झालेल्या त्या हाताला शंका घ्यायलाही जागा नव्हती.

तुकडा तिने मांडीवरच ठेवला. केसरबाई समोर उभी होती. आतल्या खोलीत सावित्रीचे मूल रडत होते. त्या रडण्याला जोर होता. भामाबाईने ‘पाकट’ म्हटले असते तर तो तुकडा तिच्याच पदरात पडला असता, आणि केसरबाईला जन्मात कळले नसते. इतक्या वर्षांत तिच्या शब्दावर कोणी फेरतपासणी केली नव्हती. करणार कोण? त्या मुलखात समुद्र पाहिलेले माणूस दुसरे नव्हते.

“ही मुशी,” भामाबाई म्हणाली.

मागाहून एकदा सारजाने तिला विचारले होते, खोटे का बोलला नाहीत? भामाबाईने देवाधर्माचे नाव घेतले नाही. ती म्हणाली, एकदा खोटे बोलले असते, तर पुढे दर बाजारी ते सांभाळत बसावे लागले असते. तेवढी ताकद माझ्या अंगात उरली नव्हती.

केसरबाईने तुकडा घ्यायला हात पुढे केला. भामाबाईने तो दिला आणि म्हणाली, “हिच्यातली वीतभर मला द्या, पाटलीणबाई. घरी सिदूची पोर हाय. आईला दूध न्हाई.”

केसरबाईला सिदूचे माहीत होते. तरी तिने तुकडा हातात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, एवढीशी तर आहे, एका बाळंतिणीला धड पुरायची नाही. पुढल्या बाजारी म्हाळू आणील, तेव्हा घे. पोरीला गूळ दे, खसखस दे. भामाबाईने मान हलवली. पाकटाचे तुकडे गोळा करून पदरात बांधले आणि काठीचा आधार घेऊन उठू लागली.

उठणे सोपे नव्हते. पाय टेकवला की घाम फुटत होता. ती परसाच्या दारापर्यंत पोचली, तोवर केसरबाई मुशीचा तुकडा हातात धरून उभीच होती.

त्या भागात एक पद्धत होती. एका बाळंतिणीसाठी मागितलेली वस्तू दुसरीला आख्खी खाऊ घालायची नाही. वाटा दिल्याशिवाय घातली तर मागणाऱ्याची नजर अन्नात उतरते आणि खाणारीचे दूध आटते. केसरबाईने ही पद्धत स्वतः लेकीसुनांना शिकवलेली होती. भामाबाईला ती ठाऊक नव्हती, असे कोणी म्हणणार नाही.

“थांब,” केसरबाई म्हणाली. ती विळी घेऊन आली. मुशी कापायला जड जात होती. तिने शेपटीकडचा, निमुळता भाग कापला आणि भामाबाईच्या हातात ठेवला.

“मागायचं न्हवतंस तू,” ती म्हणाली. आवाजात रुसवा होता.

“मागितल्याबिगर मिळाली नसती,” भामाबाई म्हणाली.

“ते खरं हाय,” केसरबाई म्हणाली आणि दार लावून घेतले.

आश्रुबा ओढ्यावर होता. परतीला त्याने तिला अर्ध्या वाटेपर्यंत पाठीवर घेतले. मग दोघेही वाटेच्या कडेला बसले. बसल्यावर उठायला बराच वेळ लागला.

घरी आल्यावर भामाबाईने तुकडा भिजत घातला, खार उतरवला, पाणी दोनदा बदलले. मुशीला शिजताना उग्र वास येतो, गोठ्यातल्या मुतासारखा. सारजाने नाक धरले. लसूण घातला, तीळ वाटून घातले. कालवण पातळ झाले आणि पुरेसे झाले नाही. सारजाला भाकरीबरोबर ते सगळे वाढले. सासूसासऱ्याने पाकट खाल्ले. पाकट वाईट मासा नव्हे. नीट भिजवला तर चवीला मुशीहून बरा लागतो, असे आश्रुबाचे मत पडले, आणि त्या दिवसांत त्याने दिलेले हे पहिलेच मत.

जेवून सारजा मुलीला घेऊन भिंतीला टेकली. तिने मुलीला छातीशी धरले. मुलगी ओढू लागली, थांबली, पुन्हा ओढू लागली.

“आता येईल न्हवं दूध, आत्याबाई?” सारजाने विचारले.

भामाबाई पायाचे फडके सोडत होती.

“ती मुशी हाय, येवढं मला कळतं,” ती म्हणाली. “दुधाचं मला काय कळत न्हाई, सारजे.”

दूध आले. लगेच नाही, आणि भरपूरही नाही. मुशीने आले, की पोटभर जेवण मिळाल्याने आले, की मुलीने ओढत राहिल्याने आले, हे सांगता येत नाही. शेळीचे दूध वरून घालावेच लागले आणि ते आता थोडे थोडे टिकू लागले. मुलगी जगली, एवढे नक्की.

टाचेतले काट्याचे टोक पुढे पिकून बाहेर पडले. पण भामाबाई पहिल्यासारखी चालली नाही. बाजारी ती आश्रुबाच्या आधाराने यायची आणि पूर्वीपेक्षा लवकर थकायची. एखादे वेळी बाई तुकडा पुढे धरून उभी असायची आणि भामाबाई बसल्या जागी डोळे मिटून असायची. आश्रुबा तिला हलवायचा नाही. बायकांना खुणेने म्हणायचा, जरा थांबा. बायका थांबायच्या.